रामदाना नामक इसम

टिपणी पृष्ठ १

"अधोस्वाक्षरीकर्ता, भाऊसाहेब टिपणीस, केंद्र सरकारच्या सेवेतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, हा उत्तर भारतातील एकमेव मराठी गुप्तहेर असून दक्षिण भारतातील परिस्थितीची माहिती मागवली आहे. नजर ससाण्याची (चष्मा वगळून). स्मरणशक्ती हत्तीची. चाल मांजराची, गुडघा दुखत नसेल त्या दिवशी. माझे नाव ऐकताच गुन्हेगार थरथर कापतात."

याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने: "एकाही गुन्हेगाराने नाव ऐकल्याची नोंद सापडत नाही. – शां."

शां. म्हणजे शांताराम. बावीस वर्षं त्याने टिपणीस साहेबांच्या हाताखाली अप्पर डिव्हिजन क्लार्क म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्याला वाटलं, सुटलो. ट्रंक घेऊन तो करोल बागेतल्या 'स्नेही निवासा'त राहायला आला आणि खोली नंबर पाचचं कुलूप काढतोय तोच खोली नंबर चारचं दार उघडलं. आतून आवाज आला, "शांताराम, उशीर केलात."

सरकारने सोडलं होतं, साहेबांनी सोडलं नव्हतं.

प्रकरण पहिले, ज्यात अजून प्रकरण झालेले नाही

स्नेही निवास ही कारच्या सीटकव्हरांचं दुकान आणि सोनाराची पेढी यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली तीन मजली इमारत. नोकरीसाठी दिल्लीला आलेले आणि परत जायचं राहून गेलेले एकटे मराठी पुरुष इथे राहतात. तळमजल्यावर स्वयंपाकघर, त्याला लागून कोठी, आणि दोन्हींवर राज्य कुमुदताईंचं. बाई बोलायला कमी, वाढायला सढळ.

सहा महिन्यांपूर्वी हिंदूराव हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतारामच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन विचारलं होतं, "अंकल, ये आपका खून है या चाशनी?" ही गोष्ट त्याने हसत हसत जेवताना सांगितली. सगळे हसले. कुमुदताई हसल्या नाहीत. आठवड्याभरात कोठीतून मैदा गेला, वनस्पती तूप गेलं, साखरेचं पिंप गेलं, आणि भिंतीला पत्र्याचे अठरा डबे रांगेत उभे राहिले. नियम एकच. ज्या जिनसाचे चार पदार्थ होत नाहीत त्याला कोठीत जागा नाही. नाचणीची भाकरी, नाचणीची आंबील, नाचणीचे घावन, आणि कुणाचं पोट बिघडलं तर नाचणीचं सत्त्व. दहा माणसं, अठरा डबे, आणि आठवड्यात एक पदार्थ दुसऱ्यांदा पानात येत नसे.

शांतारामच्या तळपायांची आग थांबली. जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची गरज उरली नाही. 'अब खून लगता है,' असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुमुदताई निवास सोडून गेल्या, तर त्याला गाझियाबादला मुलाकडे जावं लागणार होतं. सून विजयालक्ष्मी स्वभावाने सोन्यासारखी. पण तिच्या स्वयंपाकघरात कात्रीला जेवढं काम होतं तेवढं विळीला नव्हतं. सगळं पाकिटातून.

पण निवासात एक माणूस दुःखी होता. निवासाचे चिटणीस, काकासाहेब. गुरुवारचा शिरा बंद झाल्यापासून त्यांचा देवावरचा विश्वासही कमी झाला होता.

प्रकरण दुसरे

(गोपनीय असल्यामुळे वाचकांना दाखवता येत नाही. त्यात काही नाही.)

प्रकरण तिसरे, ज्यात कागद सापडतो

"टिपणीस, हे वाचा!" काकासाहेब सोमवारी सकाळी खोली चारमध्ये शिरले. "स्वयंपाकघराच्या पायरीवर पडलं होतं. अक्षर बाईंचं आहे."

कागद असा होता:

हालिम – २ किलो
मडुआ – १० किलो
समा – ३ किलो
रामदाना – २ किलो
अलसी – १ किलो
मोठ – ५ किलो
*जल्दी चाहिए। कैंट वाली माताजी रविवार को आ रही हैं।*

भाऊसाहेबांनी भिंग काढलं, कागदावर धरलं, मग काकासाहेबांवर धरलं. "हालिम म्हणजे?"

"अहो, हलीम! जामा मशिदीच्या बाजूला मिळतं ते. गहू, तीन प्रकारच्या डाळी, आणि मटण असं शिजवतात की बोटानं तुटतं. वर तळलेला कांदा, लिंबू पिळायचं, आल्याचे बारीक तुकडे..." काकासाहेबांनी आवंढा गिळला. "असं ऐकतो."

"किती वेळा ऐकलंत?" शांतारामने विचारलं.

"विषय तो नाहीये! बाहेर कोण काय खातं त्याच्याशी निवासाला कर्तव्य नाही. पण नियम अकरा! स्वयंपाकघर शाकाहारी! रविवारी कार्यकारिणी आहे. तोवर पुरावा द्या, बाईंना नारळ देऊ."

"नारळ यादीत नाही," भाऊसाहेब कागद तपासत म्हणाले.

काकासाहेब गेले. शांतारामने दार लोटून घेतलं. "साहेब, कुमुदताईंनाच विचारू या का? खालीच आहेत. भाजी निवडतायत."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शांताराम, संशयिताला विचारूनच गुन्हा उलगडायचा असेल तर गुप्तहेर कशाला हवा? मग कुणीही विचारील."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही पेन्सिल घ्या."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की चाळीस वर्षं दिल्लीत राहून माणसाला हिंदी येत नाही की काय. येत होतं. भाऊसाहेबांचं हिंदी उत्तम होतं. 'आवश्यक कार्यवाही हेतु प्रेषित' हे ते झोपेत लिहू शकत. 'यथाशीघ्र', 'तत्संबंधी', 'उपर्युक्त विषय के संदर्भ में' – सगळं तोंडपाठ. फक्त या हिंदीत कुणी कधी भुसार माल आणला नव्हता. आणि भाऊसाहेबांनी तर मराठीतही आणला नव्हता. शांतारामचा बाजार बायको करायची. ती गेल्यावर तो 'वो वाला दे दो' म्हणून बोट दाखवायचा. थोडक्यात, तपास पथकाला राजभाषा येत होती, किराणा येत नव्हता.

टिपणी पृष्ठ ४ (तर्क)

"१. हालिम: मांस. सिद्ध.

२. मडुआ: 'महुआ' या शब्दाचे जाणूनबुजून बिघडवलेले रूप. मोहाची दारू. दहा किलो. (द्रव किलोत मोजला आहे, यावरून गुन्हेगाराची धूर्तता दिसते.)

३. समा: मैफलीत बांधतात तो. तीन किलो म्हणजे मैफल मोठी आहे.

४. रामदाना: इसमाचे नाव. टोळीचा म्होरक्या. वजन फक्त दोन किलो दाखवले आहे, ते सांकेतिक."

समासात: "दोन किलोचा म्होरक्या? – शां."

"५. अलसी: आळशी. टोळीतील कमी उत्साही सदस्य.

६. मोठ: 'मोठा' हा शब्द घाईने अपुरा राहिला. किंवा मूठ. मूठ मारण्याचा प्रयोगही असू शकतो. काकासाहेबांना गेल्या आठवड्यात उचकी लागली होती.

७. कैंट वाली माताजी: कँटोन्मेंट! लष्कर! येथे प्रकरणास आंतरराष्ट्रीय परिमाण प्राप्त होते."

"साहेब," शांताराम म्हणाला, "दारू, मटण, मैफल, गुंड, जादूटोणा आणि हेरगिरी. बाई सकाळी पाचला उठून दहा माणसांचा स्वयंपाक करतात. एवढं सगळं त्या कधी करतात?"

"तेच तर! वेळेचं नियोजन बघा. असामान्य बुद्धी आहे तिची."

प्रकरण तिसरेच, पण दुपारचे

पाळत बुधवारी दुपारी दोन ते चार ठेवायची ठरली, कारण दोन ते चार कुमुदताई आपल्या खोलीत पडतात. शांतारामच्या मते संशयित झोपलेली असताना पाळत ठेवण्यात फारसा अर्थ नव्हता. भाऊसाहेबांच्या मते त्यातच सुरक्षितता होती.

दोघे कोठीत शिरले. भाऊसाहेब डबे उघडत होते, भिंगातून बघत होते आणि सांगत होते. शांताराम लिहीत होता.

"डबा सात. तांबूस, बारीक, गुळगुळीत गोळे. बंदुकीचे छर्रे."

"छर्रे एवढे हलके?"

"नवीन तंत्रज्ञान. लिहा. डबा अकरा. चपटे, तपकिरी, चकचकीत. वाळवलेले ढेकूण."

"साहेब!"

"मूठ मारायला लागतात. डबा चौदा. मातकट पूड. वास घ्या."

शांतारामने वास घेतला आणि त्याला सपाटून शिंक आली. पूड भाऊसाहेबांच्या मिशीवर बसली.

"स्फोटक आहे," भाऊसाहेब म्हणाले.

मंगळवारी आलेल्या मालाने नुकत्याच भरलेल्या सहा डब्यांतला चिमूटभर नमुना पुड्यांत बांधून झाला. मग भाऊसाहेब तांदळाच्या पिंपामागे दबा धरून बसले आणि सहाव्या मिनिटाला घोरू लागले. शांताराम शेजारी उभा. साडेतीनलाच कुमुदताई आल्या. पिंपामागे बघितलं. आत जाऊन एक रिकामं पोतं आणलं, भाऊसाहेबांच्या अंगावर घातलं.

"साहेबांना खोलीत झोप लागत नाही का?"

"वर... उकडतं फार."

"अच्छा." त्यांनी शांतारामच्या हातात ताकाचा पेला दिला. "घ्या. जवसाची पूड घातलीय वरून. रिपोर्ट कधी आहे पुढचा?"

"पुढच्या महिन्यात."

"पाय?"

"बरे आहेत."

विचारायची हीच वेळ होती. 'ताई, हालिम म्हणजे काय हो?' एवढंच. पण ज्या बाईच्या हातचं सहा महिने खाल्लं, जिने आपल्या पायांची चौकशी करावी, तिला आपण असं काही विचारलं तर पुढचं ओळखायला तिला वेळ लागणार नाही, हे शांतारामला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तराचीही भीती वाटत होती. तो ताक प्यायला. पेला विसळून ठेवला.

पिंपामागून आवाज आला, "रामदाना... पकडा..."

"स्वप्न पडलंय वाटतं," कुमुदताई म्हणाल्या आणि तूर भिजत घालायला गेल्या.

रविवार

जेवणघरात टेबलं जोडून कार्यकारिणी बसली. पाच सभासद, त्यांतले तीन उपसचिव आणि दोन अवर सचिव म्हणून निवृत्त. त्यामुळे मिनरल वॉटरच्या बाटल्या होत्या. टेबलावर सहा बश्यांत सहा नमुने मांडलेले. कुमुदताईंना बोलावून उभं केलं. त्या पदराला हात पुसत आल्या, बश्या पाहिल्या. मग शांतारामकडे बघितलं. शांतारामने पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं.

भाऊसाहेबांनी अहवाल वाचला. पस्तीस मिनिटं. 'समा' या मुद्द्यावर एक सभासद झोपला, 'मूठ' या मुद्द्यावर दचकून उठला.

"सारांश," भाऊसाहेब म्हणाले, "रामदाना नामक इसमाची टोळी या स्वयंपाकघरातून काम करते. माताजी नावाची हस्तक आज येणार आहे."

"ठराव मांडतो," काकासाहेब घाईने म्हणाले. "बाईंना सेवेतून मुक्त करावं. पूर्वीच्या आचाऱ्याशी माझं बोलणं झालेलं आहे. तो शिरा... म्हणजे तो सर्व दृष्टीने योग्य आहे."

शांतारामच्या डोळ्यांसमोर गाझियाबादची कात्री आली. तो उठला. तोंड उघडलं. त्याच क्षणी दाराशी कुणीतरी म्हणालं, "कुमुद, हाईस का गं आत?"

नऊवारीतली एक म्हातारी दारात उभी होती. हातात कापडी पिशवी, पायांत मुलाचे बूट.

"माताजी!" भाऊसाहेब ओरडले. "दारं लावा!"

"म्या सखुबाई," म्हातारी म्हणाली. "कँटात न्हवं का कृष्णात माझा, फौजेत. त्येची आई. ह्यो कोण वरडतोय?"

"बसा सखुबाई," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "माझी नोकरी जातेय. पाच मिनिटं लागतील."

"जाऊ दे, पर आदी माझं आळीव दे. माझी सून इजयमाला बाळंत हून बारा दिस झालं. पोरगी दुधासाठी रडतीया न् हितं कुटल्याबी दुकानात आळीव म्हटलं की मानसं माझ्या तोंडाकडं बगत्यात."

"आणलंय. लाडूही वळून ठेवलेत. आत आहेत."

सखुबाई टेबलाजवळ आल्या. पहिल्या बशीतली चिमूट उचलली, तळहातावर घोळवली.

"पुराव्याला हात लावू नका!" भाऊसाहेब म्हणाले. "छर्रे आहेत ते!"

"छर्रं? आवं, ह्येच की आळीव! पान्यात टाकून बगा, घटकाभरात बुळबुळीत हुतंय. खोबऱ्यात, गुळात लाडू करत्यात बाळंतिनीला."

कुमुदताईंनी काकासाहेबांच्या हातातून ती यादी घेतली आणि वाचली, "हालिम."

सखुबाई पुढच्या बशीकडे सरकल्या. "ह्यो नाचणा. दळल्याला."

"मडुआ."

"वरी. उपासाची."

"समा."

"जवस हाय ह्यो."

"अलसी."

"मटकी. ही बी वळकंना व्हय तुमास्नी?"

"मोठ."

शेवटची बशी उरली. भाऊसाहेब किंचित पुढे झाले. आवाज खाली आला होता. "आणि... रामदाना?"

सखुबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. "राजगिरा."

"चिक्की करते मी त्याची," कुमुदताई म्हणाल्या. "गुळातली. गेल्या एकादशीला तुम्ही पाच वड्या खाल्ल्या होत्या, भाऊसाहेब. आणि खिशातून दोन नेल्या होत्या."

"पण मग हे असं हिंदीत कशाला लिहायचं?" काकासाहेब तडकले.

"किराणावाल्या लालाजींना मराठी येत नाही म्हणून."

एका उपसचिवांनी पाण्याची बाटली उघडली, दुसऱ्यांनी ती प्यायली.

"आजी, तुम्ही यादी न वाचता कसं ओळखलंत?" शांतारामने विचारलं.

"मला कुटं वाचाया येतंय! डबा उगडायचा न् बगायचं."

भाऊसाहेबांनी तेवढ्यात फाईलवर शेवटचा शेरा ओढला: "रामदाना नामक इसम धान्याच्या वेशात आढळून आला. प्रकरण निकाली. श्रेय: अधोस्वाक्षरीकर्ता."

काकासाहेबांनी ठराव मागे घेतला. कुमुदताई तशाच उभ्या होत्या.

"तुम्ही ठराव मागे घेतलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मी राहायचं की नाही, ते मी ठरवणार. आठवडाभर तुम्ही माझ्या डब्यांत तोंड घालून बसलात. त्यातलंच रोज ताटात खात होतात. कुणाला म्हणून ओळख पटली नाही. आणि मी तिथेच होते, दहा पावलांवर, भाजी निवडत."

सखुबाई म्हणाल्या, "खरं हाय गं पोरी," आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढे काय होतंय ते त्यांना बघायचं होतं.

"आजपासून पंगतीला बसायच्या आधी प्रत्येकाने दारात थांबायचं. मी हातावर एक जिन्नस देईन. ओळखायचा. नाही ओळखला तर पंगत संपल्यावर बसायचं. मंजूर असेल तर मी राहते. नसेल तर आचाऱ्याला फोन करा. त्याच्याकडे मैदा भरपूर आहे."

"ही विभागीय परीक्षा झाली!" एक अवर सचिव पुटपुटले.

"बिल्कुल," कुमुदताई म्हणाल्या.

परीक्षा (दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे)

कुकरच्या शिट्ट्या थांबल्या होत्या. लसणाची फोडणी जिन्यावर पोचली होती. सगळे रांगेत. दाराशी कुमुदताई, त्यांच्या मागे बशीत लाडू खात सखुबाई.

काकासाहेबांच्या हातावर वरी पडली. ते तिच्याकडे आशेने बघत राहिले. "रवा? शिऱ्याचा?"

"मागे थांबा."

एका उपसचिवांनी मूग ओळखले आणि वळून इतरांकडे असं पाहिलं की जणू बढती मिळाली. दुसऱ्यांनी चवळीला राजमा म्हटलं आणि 'पुनर्विचार व्हावा' असा तोंडी अर्ज केला. तो फेटाळला गेला.

भाऊसाहेबांची पाळी आली. तळहातावर पिवळे, चपटे, अर्धगोल दाणे. त्यांनी भिंग काढलं. उजेडाकडे धरलं. एक दाणा नाकाशी नेला.

"संशयास्पद आहे."

"तूरडाळ आहे, भाऊसाहेब. बासष्ट वर्षं दोन वेळा खाताय."

"तिला मी नेहमी शिजलेल्या अवस्थेत पाहिलेलं आहे," भाऊसाहेब ताठपणे म्हणाले आणि काकासाहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले.

शांताराम पुढे आला. सकाळपासून त्याने मान वर केली नव्हती. कुमुदताईंनी एका बारक्या डबीतून काढलेले दाणे त्याच्या हातावर ठेवले. काळे, लांबट, टोकदार. त्याने ते पाहिले. तीळ म्हणावे तर तीळ असे नसतात. जिरं म्हणावं तर वास नाही. काहीतरी ठोकून द्यावं असं एकदा मनात आलं. मागे रांगेत पाच जण बघत होते, आणि पोटात भूक होती.

त्याने मान वर केली. "ताई, मला माहीत नाही. हे काय आहे हो?"

कुमुदताईंनी डबीचं झाकण लावलं.

"कारळे," त्या म्हणाल्या. "यांची चटणी होते. आज पानात आहे. जा, बसा आत."

"पण मी ओळखलं नाही."

"विचारलंत ना? बसा."

शांताराम आत गेला. पान वाढलेलं होतं: भाकरी, मटकीची उसळ, ताक, आणि डाव्या बाजूला काळी चटणी. पहिला घास तोंडात गेला तोच दारातून भाऊसाहेबांचा दबका आवाज आला. त्यांना दुसऱ्या फेरीची तयारी करायची होती.

"शांताराम! काय उत्तर होतं तुमचं? पटकन सांगा!"

शांतारामने घास चावला, गिळला, ताकाचा घोट घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "ते तपासाधीन आहे."